प्रेम चौथ्या प्रकरणात उरकलं, आता पुढं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात घडणारी किशोरवयीन प्रेमकादंबरी तुम्ही लिहिताय. तो महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला आलेला, मराठी माध्यमाचा, मामाकडं राहणारा. ती बेळगावच्याच वडगाव भागातल्या यंत्रमागवाल्या घरातली, घरी कन्नड बोलणारी. दोघं फर्स्ट पीयूसीला, म्हणजे अकरावीला, एका वर्गात. प्रॅक्टिकलला सरांनी दोघांची जोडी लावली आणि गोष्ट सुरू झाली. नऊ प्रकरणं, २२ हजार शब्द लिहून झालेत, पण चौथ्यातच दोघांनी मनातलं बोलून टाकलं. त्यानंतर रुसवे-फुगवे सोडून काही घडेना. शिवाय एका प्रकाशकाकडून ‘भाषा शुद्ध करा’ असा शेरा आला.

चौथं प्रकरण तुम्ही पुन्हा पुन्हा लिहीत बसलाय, पण दुखणं पहिल्यात आहे. दोघांना एकत्र आणणारी गोष्ट कच्ची आहे. प्रॅक्टिकलची जोडी आठवड्यातून दोन तासांची. सरांना सांगितलं की बदलून मिळते, आणि बदलली तर कुणाचं काही बिघडत नाही. असल्या बंधनात वाट बघायला लावणारं काही नसतं, म्हणून पात्रं घाईनं प्रेमात पडतात. बसचा प्रवास, गॅदरिंगचं नाटक, गणपती मंडळाची वर्गणी यांचंही तेच. एखादा प्रसंग छान मिळतो, पण १५० पानांचं ओझं त्यांना पेलत नाही.

पक्कं बंधन ओळखायला एक साधी परीक्षा आहे. दोघांपैकी एकाला काढा. काम थांबतं का? थांबत नसेल तर ते बंधन टाकून द्या. थांबत असेल तर पुढचं विचारा: घरच्यांनी या दोघांना एका खोलीत बसायची परवानगी का दिली? आपल्याकडं हा प्रश्न टाळून चालत नाही. सोळा वर्षांची मुलगी आणि परका मुलगा रोज संध्याकाळी एकत्र बसतात आणि आई काही म्हणत नाही, असं लिहिलंत तर बेळगावचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल. तिसरी गोष्ट, काम मोजता आलं पाहिजे. किती झालं, किती उरलं, हे वाचकाला प्रत्येक प्रकरणात कळलं पाहिजे.

तुमचीच पात्रं घेऊन एक बंधन उभं करून दाखवतो. आवडलं तर घ्या, नाहीतर याच मापानं दुसरं बेता.

तिच्या घरात चार माग. वडील आणि चुलता पाडव्याला वाटणी करणार. कुठल्या मागाला कुणाचे पैसे लागले, ते आजोबांच्या तीन जुन्या लाल वह्यांत आहे, आणि त्या वह्या मराठीत आहेत. हे ओढूनताणून आणलेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. घरी कन्नड बोलणारी कितीतरी म्हातारी माणसं मराठी शाळेत शिकली आणि हिशेब मराठीतच लिहीत राहिली. नातीची शाळा कन्नड. मुलाचा मामा याच घरात मागावर कामाला, मुलगा रोज रात्री त्याचा डबा घेऊन येतो. त्याला वही वाचता येते, तिला कन्नडमध्ये उतरवून घेता येतं. एकाला काढलं तर काम थांबतं.

इथं एक आक्षेप येणार, तो तुम्हीच आधी घ्या. कन्नड माध्यमात तिसरी भाषा हिंदी असते, म्हणजे मुलीला देवनागरी येतं. मग मुलगा कशाला? दुसऱ्या प्रकरणात तिला एकटीला वही घेऊन बसवा. छापील अक्षर वाचणं वेगळं आणि घाईनं लिहिलेलं, एकमेकांत गुंतलेलं जुनं अक्षर लावणं वेगळं. त्यात जुन्या हिशेबातले शब्द: ‘नावे’, ‘जमा’, ‘हस्ते’, ‘मागील पानावरून’, ‘पाऊणशे’. पूर्ण संध्याकाळ घालवून तिचं अर्धं पान होतं. आता मुलाची गरज वाचकालाही पटते.

सोबतीला खोलीत आजोबा बसलेले, म्हणून परवानगी. पण आजोबांना सगळं दिसत-ऐकू येत असेल तर काम तेच करतील. तेव्हा काचबिंदूनं नजर गेलेली. मोतीबिंदू लिहू नका, वाचक विचारेल ऑपरेशन का नाही केलं. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. कानही मंद, कारण चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली. ते रोज उठताना एकच विचारतात, “आज किती पानं?” ती मोठ्यानं सांगते. हा प्रश्न पुढं फार कामाला येणार आहे.

आता मोजमाप. कादंबरीचं वर्ष २०२४ धरा. तीन वह्यांची मिळून २१२ पानं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, एका बैठकीत चार पानं. १ जुलै २०२४ हा सोमवार. तिथून बुधवार, ३० ऑक्टोबरपर्यंत बरोबर ५३ बैठका होतात, आणि त्रेपन्न चोक दोनशे बारा. पाडवा २ नोव्हेंबरला. म्हणजे एकही बैठक बुडाली तर काम लटकलं. यातल्या अकरा-बाराच बैठका सविस्तर लिहा, बाकीच्या दोन ओळींत उरका. कॅलेंडर समोर ठेवून लिहिण्याचा फायदा असा, की प्रसंग शोधत फिरावं लागत नाही, तारखाच ते देतात. त्या वर्षी खंडेनवमी ११ ऑक्टोबरला, शुक्रवारी होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा, माग बंद. सव्वातीन महिने जी खोली खडखडाटानं भरलेली होती, तिथं एक पूर्ण बैठक शांततेत. आणि १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस तिन्ही एकत्र, तोही शुक्रवार. म्हणजे काम उरलंच तर चोपन्नावी बैठक त्या दिवशी.

मागाचा आवाज हे तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन आहे, आणि तुमच्या नऊ प्रकरणांत तो एकदाच, वर्णनापुरता आलाय. माग चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून माणूस फक्त आकडे सांगू शकतो. वीज गेली की माग थांबतात. पहिलं खरं बोलणं तिथं घडू द्या. साधारण असं:

चारही माग एका दमात थांबले. काळोख.
“तीनशे बारा, हस्ते बाळू...” तो अजून ओरडतच होता.
“हळू की. ऐकू येतंय.”
तो गप्प झाला. कोपऱ्यात आजोबांचा श्वास ऐकू आला.
“जेवलास काय?”
“नाही. मामाला डबा देऊन मग. तू?”
“मी अव्वा आली की जेवतो.”
“कुठं गेल्यात?”
“दवाखान्याला. तिचा...”
दिवे लागले. तिचे ओठ हलत होते, पण शब्द मागांनी खाल्ले.

इथं थांबायचं. तिनं काय सांगितलं ते त्याला कळलेलं नाही, पुन्हा विचारायला पुढची वीज जावी लागेल. वाचक त्या वीज जाण्याची वाट बघेल. प्रेमाचा एक शब्दही यात नाही, तरी प्रकरण पुढं ओढलं जातं.

या संवादात ती “जेवतो” म्हणाली, तिकडं बघा. बेळगाव-कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच बोलतात. ‘भाषा शुद्ध करा’ म्हणणारा संपादक पहिला घाव इथंच घालणार आणि ‘जेवते’ करणार. करू देऊ नका. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद तिथल्या बोलीत, आणि बोलीची पाच-सहाच लक्षणं पक्की करा: मुलींचं ‘मी जातो’, शेवटी येणारा ‘की’, मोठ्यांशी बोलताना ‘ओ’, प्रश्नाच्या शेवटी ‘काय’, आणि ‘कुठं, तिकडं, मागनं’. याची एका पानाची टीप करून हस्तलिखिताच्या वर लावा, म्हणजे मुद्रितशोधकाला कळतं की ही चूक नाही. प्रकाशकाचा शेरा बऱ्याचदा बोलीबद्दल नसतो, एका पानावर ‘कुठे’ आणि दुसऱ्यावर ‘कुठं’ असल्या गोंधळाबद्दल असतो. तुमच्या मजकुरात तो गोंधळ असेल तर तो मात्र निस्तरायलाच हवा.

तिचं मराठी तिच्यासारखंच चुकलं पाहिजे, सिनेमातल्यासारखं नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, सगळं नपुंसक. म्हणून कन्नडभाषक मराठी बोलताना लिंगावर अडखळतात: ‘माझा वही’, ‘वीज गेला’. एवढीच चूक ठेवा, तीही पानात एखाद-दुसरी, आणि कुणालाही तिच्यावर हसू देऊ नका. पुढं कधीतरी मामाशी बोलताना मुलाच्या तोंडून ‘वीज गेला’ निघून जातं आणि मामा चमकून बघतो. त्या एका वाक्यात जे कळतं ते चार पानांच्या मनोगतात कळत नाही. कन्नड शब्द घालताना अर्थ शेजारी लिहू नका, पाठीमागं शब्दार्थांची यादीही नको. आजोबांनी हात वर करून “साकु” म्हटलं आणि तिनं वही मिटली, की वाचकाला अर्थ कळला.

संबोधनंही तपासा. तुमच्या पहिल्याच प्रकरणात दोघं एकमेकांना नावानं हाक मारतात. फर्स्ट पीयूसीतली मुलं-मुली सुरुवातीला नाव घेत नाहीत, ‘ओय’, ‘ऐक की’ यावर भागवतात. नाव पहिल्यांदा घेणं ही घटना आहे, ती सातव्या-आठव्या प्रकरणापर्यंत राखून ठेवा. तिच्या आईला तो ‘काकू’ म्हणेल की ‘अव्वा’, हेही एकदा ठरवा, आणि ते बदललं तर का बदललं ते दाखवा.

पैशाचा आणि सरहद्दीचा फरक भाषणातून नको, तिकिटातून येऊ द्या. शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये कर्नाटकातल्या बायकांना तिकीट लागत नाही. मुलाची आई चंदगडहून त्याला भेटायला येते. मध्यवर्ती स्टँडवरनं वडगावला जाताना ती आणि मुलगी एकाच बाकावर. मुलीनं आधार कार्ड दाखवलं, शून्याचं तिकीट मिळालं. आईच्या कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता, तिनं कनवटीचे पैसे काढले. दोघींनी आपापलं तिकीट बघितलं. सरहद्दीवरच्या शिनोळीच्या पलीकडं आणि अलीकडं म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रेम कुठं दाखवायचं. पानं मोजलेली आहेत, रोज चार. १४ ऑक्टोबरपासून तो सावकाश वाचायला लागतो. एखादी ओळ पुन्हा वाचतो. ती पेन्सिलीला टोक काढत बसते. आजोबा विचारतात, “आज किती पानं?” ती म्हणते, “तीन.” पुढच्या बैठकीला पुन्हा तीन. दोघांपैकी कुणी काही बोललेलं नाही, पण वही संपू नये असं दोघांना वाटतंय, हे वाचकाला आकड्यातनं कळलं. हाच तुमचा प्रेमाचा कबुलीजबाब. आणि त्याची किंमतही लगेच ठरली: १४ ते ३० ऑक्टोबर आठ बैठका, रोज एक पान कमी, म्हणजे पाडव्याच्या तोंडावर आठ पानं बाकी. तुमच्या चौथ्या प्रकरणातला तो लांबलचक कबुलीचा प्रसंग काढून टाका. त्यातलं गच्चीचं वर्णन चांगलं आहे, ते खंडेनवमीच्या बैठकीत वापरा.

संकट बाहेरून आणू नका. अपघात, आजार, तिसरा मुलगा, बापाची बदली, यांतलं काही नको. संकट त्यांच्या कामातनंच निघालं पाहिजे, आणि ते वहीत आधीच पडलेलं आहे. मराठीत ५९ म्हणजे एकोणसाठ, साठाला एक कमी. कन्नडमध्ये ऐवत्तोंबत्तु, म्हणजे पन्नास आणि नऊ. ‘एकोण’ आलं म्हणजे कुठंतरी नऊ आहे एवढं तिला माहीत, पुढं ‘साठ’ ऐकलं, म्हणून तिनं लिहिले ६९. एकोणीस रोजच्या वापरातलं, ते चुकत नाही. नव्याण्णवही नाही, कारण तिथं ‘एकोण’ नाहीच. पण २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ आणि ८९ हे सात आकडे जिथं जिथं आले, तिथं दहाची भर पडली. पहिल्या बैठकीपासून.

हे ३१ ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या फराळाला उघडं पडतं. चुलत्याच्या नावे ५९ साड्या, कन्नड कागदावर ६९. दहा साड्यांचा हिशेब दे म्हणून भावाभावात जुंपते, आणि कुणीतरी म्हणतं, त्या मराठी पोरानं मुद्दाम चुकीचं वाचलं. त्याला उद्यापासून घरात पाऊल टाकायची बंदी. त्यानं बरोबर वाचलं होतं, हे फक्त तिला माहीत आहे. तिचा आवाज इथं फुटतो की नाही, यावर तुमची कादंबरी उभी आहे. तिला लगेच बोलायला लावू नका. रात्रभर गप्प राहू द्या. मुलीचा हा कमकुवतपणा दाखवायला लेखक कचरतात, कारण नायिका वाचकाला आवडली पाहिजे. पण गप्प बसून दुसऱ्या दिवशी बोललेली मुलगीच वाचकाच्या लक्षात राहते.

१ नोव्हेंबरची संध्याकाळ हे कादंबरीचं सगळ्यात लांब प्रकरण होऊ द्या, २,५०० शब्दांपर्यंत. सीमाप्रश्नावर तुम्ही सातव्या प्रकरणात तीन पानांचं निवेदन घातलंय, ते काढा. त्या दिवशी एका घरात काय असतं आणि दुसऱ्या घरात काय, एवढंच हवं. मामा सकाळी दंडाला काळी फीत बांधून गेलेला. तिचा भाऊ लाल-पिवळा झेंडा घेऊन मिरवणुकीला. दोघंही चांगली माणसं आहेत, आणि दोघांनाही आपलं खरं वाटतं. एकाला खलनायक केलंत तर निम्मे वाचक तुम्ही तिथंच घालवलेत. रस्त्यावर वाद्यांचा दणका, घरात वहीपूजनाची तयारी, आठ पानं बाकी, सात आकडे सगळ्या वह्यांत पुन्हा तपासायचे. ती स्वतः जाऊन त्याला बोलावते आणि सगळ्यांसमोर म्हणते, “त्यानं बरोबर वाचलं. मी चुकीचं लिहिलो.” ‘लिहिलो’च ठेवा.

वयाबद्दल एक ठाम सांगणं. पात्रं सोळा-सतरा वर्षांची आहेत. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची संमती धरलीच जात नाही. शारीरिक जवळिकीचं वर्णन कादंबरीत अजिबात नको. कायदा आहेच, पण कथेलाही त्याची गरज नाही. वही सरकवताना बोटाला लागलेली शाई एवढ्यावर हे पुस्तक चालतं. मोठ्यांच्या तोंडी पोलिसांत देण्याची धमकी मात्र येऊ शकते, खऱ्या घरांत ती येते.

आकार: २४ प्रकरणं, सरासरी १,७०० शब्द, म्हणजे ४० हजारांच्या आसपास. डेमी आकारात पानाला साधारण २६० शब्द धरले तर दीडशेच्या वर पानं, शीर्षकपानं धरून १६० मध्ये बसतं, सोळा पानी दहा फर्मे. तुमच्या २२ हजारांपैकी ९-१० हजार तरी टिकतील: मामाची खोली, लॅबमधला पहिला दिवस, आईची चंदगडहून येण्याची तयारी. प्रॅक्टिकलची जोडीही राहू द्या, पण तिथं दोघं एकमेकांना टाळतात एवढंच दाखवायला. पुन्हा लिहायला बसण्याआधी ५३ ओळींचा तक्ता करा: तारीख, किती पानं झाली, त्या दिवशी एकाला दुसऱ्याबद्दल कुठली नवी गोष्ट कळली. ज्या ओळीत तिसरा रकाना रिकामा राहील, ती बैठक लिहायचीच नाही.

शेवट लग्नात नको, ताटातुटीतही नको. २ नोव्हेंबरला वाटणी होते, वह्या कपाटात जातात. आता त्याला त्या खोलीत यायचं कारण उरलेलं नाही, मामाचा डबा दारातच देता येतो. ४ नोव्हेंबर, सोमवार. साडेसातला तो डबा देऊन दारात उभा. आजोबा नेहमीच्या जागी. माग चालू. हे प्रकरण ९०० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यात दोघांना बोलायला लावू नका. आजोबांना मात्र एकदा विचारू द्या, “आज किती पानं?”